बीपीचा डबा आणि पांढरा तागा

मित्रांनो, मला एका जागी बसवत नाही. त्यात माझा दोष काही नाही. माझ्या पोटात पारा आहे, आणि पारा स्वस्थ बसलेला कुणी पाहिला आहे का? मी एक जुना बीपीचा डबा. माझं शाळेतलं नाव फार लांबलचक आहे, ते तुमच्या पुस्तकात सापडेल. पण नागपुरात जन्म गेला माझा, आणि इथे मला सगळे डबाच म्हणतात. राखाडी पत्र्याचं अंग, आत काचेची उभी नळी, नळीवर शून्यापासून तीनशेपर्यंत आकडे. एक रबरी फुगा, आणि दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा. फुगा दाबला की पारा वर, हवा सोडली की खाली. चढायचं आणि उतरायचं, एवढंच माझं आयुष्य.

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मी नवा कोरा आलो आणि कुसुमसिस्टरच्या हाती पडलो. सव्वीस वर्षं त्यांनी मला वापरलं. काम झालं की मला जरासा तिरका करायचा, पारा परत कुपीत घ्यायचा, चावी फिरवायची आणि मगच झाकण लावायचं. एक दिवस चुकल्या नाहीत. मोठे डॉक्टर राउंडला आले की विचारायचे, "आकडा कुसुमसिस्टरच्या डब्याचा आहे ना? मग ठीक." खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

मग बटण दाबताच टीं टीं करणारी मशीनं आली. पारा विषारी असतो, असा कागद आला आणि माझी रवानगी स्टोअररूममध्ये झाली. दोन वर्षं मी मोडक्या सलाईनस्टँडखाली पडून होतो. चढता येईना, उतरता येईना. तुम्हाला कुणी दोन वर्षं बाकावर हाताची घडी घालून बसवलं तर कसं वाटेल? निवृत्तीच्या दिवशी कुसुमसिस्टरांना शाल-नारळ मिळालं. त्यांनी मोठ्या साहेबांची परवानगी घेऊन मलाही मागून घेतलं. तेव्हापासून मी गांधीबागेच्या मागच्या गल्लीत, त्यांच्या गॅलरीत राहतो.

रोज सकाळी गल्लीतली माणसं तिथल्या बाकावर येऊन बसायची. कुसुमताईंचा नियम कडक होता. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीला टेकवायचे, आणि बीपी घेताना तोंडातून अक्षर काढायचं नाही. नागपूरच्या माणसाला गप्प बसवणं ही काय सोपी गोष्ट आहे? पण ताईंपुढे सगळे बसायचे.

त्यांच्या शेजारी वामनराव राहतात. गांधीबागेत त्यांचं कापडाचं ठोक दुकान आहे. त्यांचा एकुलता एक मुलगा मोहित. बारावीला असताना तो ताईंकडून बीपी घ्यायला शिकला. कापडवाल्याचा पोरगा, पट्टा कसा गुंडाळायचा हे त्याला सांगावं लागलं नाही. ना सैल, ना घट्ट. शंभर हात माझ्यावरून गेलेत, मला कळतं. त्याच्या हाताला म्हातारी माणसं घाबरत नसत, आणि घाबरली नाहीत की माझा पारासुद्धा शहाण्यासारखा वागायचा.

मग एक दिवस तो ताईंना म्हणाला, "काकू, मी नर्सिंगले जातो."

आणि कुसुमताई हसल्या. होय, आपल्या कुसुमताईच. मला इतका राग आला की चावी बंद नसती तर पारा बाहेर आला असता. त्या म्हणाल्या, "अरे, पोरगा असून? आमच्या वॉर्डात दोन ब्रदर होते. जाड पेशंट आला की आम्ही त्यांना बोलवायचो, उचला म्हणून."

"फक्त उचलायले?" मोहितनं विचारलं.

ताईंचं हसू थांबलं. म्हणाल्या, "चुकलंच आमचं." आणि दुसऱ्याच दिवसापासून त्याला नाडी, ताप, श्वास मोजणं सगळं शिकवायला बसल्या. त्याने प्रवेशपरीक्षा दिली. नर्सिंगच्या कॉलेजात नंबर लागला. पत्र आलं की सोमवारी पालकांसह हजर राहावं आणि दोन पांढरे ड्रेस शिवून घ्यावेत.

त्या संध्याकाळी वामनराव तणतणत गॅलरीत आले. मागे त्यांच्या पत्नी कौशल्याबाई, आणि त्यांच्या मागे मोहित.

"कुसुमताई, तुम्हीच बिघडवलं पोराले," वामनराव म्हणाले.

"मी बीपी शिकवलं, वामनराव. बाकी त्याचं त्याने ठरवलं."

"बाया करतात ते काम. उद्या याले पोरगी कोण देईन?" कौशल्याबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "लोक विचारतीन काय करते पोरगा, तं काय सांगू मी?"

आता मित्रांनो, तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. मागच्याच वर्षी वामनरावांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. जखम चिघळली आणि आठ दिवस त्यांना अंथरुणातून उठता येत नव्हतं. सिस्टर अंग पुसायला आल्या की हे संकोचाने चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायचे. म्हणायचे, बाईमाणूस नको, ब्रदरले बोलवा. मग नत्थू नावाचा एक ब्रदर यायचा. त्याने आठ दिवस त्यांची आंघोळ, कूस बदलणं, सगळं केलं. मोहित उशाशी बसून ते बघत होता. त्याच्या मनाने तिथेच घेतलं.

तो म्हणाला, "बाबा, दवाखान्यात तुम्हीच म्हणत होते, ब्रदरले बोलवा."

वामनरावांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तो दुसऱ्याच्या घरचा पोरगा होता," ते म्हणाले.

असं असतं बघा. ब्रदर हवा, पण दुसऱ्याच्या घरचा.

मोहित खाली मान घालून म्हणाला, "सोमवारी पालक लागते. आन् ड्रेसले पांढरं कापड पाह्यजे."

"दुकानात पांढरं नाही," वामनराव म्हणाले आणि निघून गेले.

ज्यांच्या दुकानात जमिनीपासून छतापर्यंत एक आख्खी भिंत पांढऱ्या कापडाची आहे, ते हे म्हणाले. मोहित तिथेच बाकावर बसून राहिला. त्याने उगाच माझा पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला, पण फुगा दाबलाच नाही.

सोमवारचा आदला दिवस रविवार होता, आणि त्या रविवारी वामनरावांच्या समाजाच्या भवनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होता. जोडीला आरोग्य शिबिर, म्हणून कुसुमताईंना बोलावणं आलं आणि कापडी पिशवीत बसून मीही गेलो. आत शिरतो तर काय, स्टेजवर भला मोठा फ्लेक्स. त्यावर मोहितचा फोटो आणि खाली लिहिलेलं, "भावी डॉक्टर". झालं होतं असं की समाजाचा कार्यकर्ता विक्की याने फोनवर विचारलं होतं, मोहितचं काय झालं. वामनरावांच्या तोंडून निघालं, "मेडिकलले लागला." बाकीचं विक्कीने आपल्या उत्साहाने पूर्ण केलं. वामनराव पहिल्या रांगेत बसून जमिनीकडे बघत होते. मोहितचा चेहरा उतरला.

शाल झाली, हार झाला. मग विक्की माईकवर म्हणाला, "आता आपले भावी डॉक्टर शिबिराची पहिली तपासणी करतीन." टेबलावर मला उघडण्यात आलं. विक्की माईक घेऊन बाजूलाच उभा राहिला. खुर्चीवर येऊन बसले चंद्रभानकाका, गावाकडून आलेले मोहितच्या नात्यातले म्हातारे. मोहितने पट्टा बांधला, फुगा दाबला, आणि मी चढलो. उतरताना एकशे ब्याऐंशीवर पहिला ठोका लागला. एवढा आकडा मला आवडत नाही, मित्रांनो. तिथे काळजी सुरू होते.

"काका, गोळी घेता का?" मोहितनं विचारलं.

"घेतो, पण डोकं फिरते तिच्यानं," काका म्हणाले. "आता तू आपल्या घरचा डॉक्टर झाला. सांग गा बापू, बंद करू का? तू म्हणशीन तं आजपासून बंद."

खरं सांगतो, त्या क्षणी मी तिथून सुटायला धडपडत होतो. पाहू काका, नंतर सांगतो, असं म्हणून त्याला निसटता आलं असतं. फ्लेक्स तसाच राहिला असता आणि बापाची मानही. पण म्हातारा गावी जाऊन गोळी थांबवणार, कारण घरच्या डॉक्टरने थांबवू नका म्हटलं नव्हतं. मोहितने एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे.

"काका, मी डॉक्टर नाही," तो म्हणाला. "होणारही नाही. मी नर्सिंगले चाललो. गोळीचं तुमच्या डॉक्टरलेच विचारा, उद्याच विचारा. पण तोवर एक दिवस सोडू नका."

माईक चालूच होता. सगळ्या भवनाने ऐकलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे सिस्टर?" दुसरा म्हणाला, "टोपी घालशीन का बे?" हसण्याची लाट पार दारापर्यंत गेली. मोहितचे कान लाल झाले, पण त्याने आधी मला तिरका केला, पारा कुपीत घेतला, चावी फिरवली. अशा वेळीसुद्धा तो विसरला नाही. चंद्रभानकाका मात्र हसले नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, "मंग गोळी घेतच राहू?" मोहित म्हणाला, "घेत राहा, काका." काकांनी मान हलवली आणि खुर्ची सोडली.

वामनराव उठले. मला वाटलं, आता हे चालले बाहेर, आणि सोमवार गेला पोराच्या हातून. पण ते सरळ टेबलाशी आले, रिकाम्या खुर्चीवर बसले आणि सदऱ्याची बाही वर केली.

"माहं घे," ते म्हणाले.

विक्की चाचरत पुढे झाला. "काका, ते फ्लेक्सवर मी..."

"बीपी घेऊन राहिला ना तो," वामनराव म्हणाले. "बीपीच्या टायमाले बोलत नसतात. काहून, माहीत नाही का?"

विक्की मागे सरला. मोहितने पट्टा गुंडाळला. मी एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत गेलो.

"बाबा, जास्त आहे. पाच मिनिटं शांत बसा, पुन्हा घेतो."

वामनराव शांत बसले नाहीत. लोकांकडे वळून म्हणाले, "विक्कीची चूक नाही. मीच सांगतलं होतं मेडिकल म्हणून. मले लाज वाटली. दवाखान्यात आठ दिवस एका ब्रदरनं मले आंघोळ घातली, तवा नाही वाटली." आणि मग तोंड मिटून त्यांनी पाय जमिनीला नीट टेकवले. पाच मिनिटांनी मी एकशे बावन्नवर थांबलो. मोहित म्हणाला, "तरी डॉक्टरले दाखवू." वामनराव म्हणाले, "दाखवू." उठताना त्यांनी सवयीने माझा पट्टा दोन बोटांत चोळून पाहिला. "याचं कापड पार गेलं," एवढंच बोलले.

मित्रांनो, सांगायचा तो बोध लोक शेवटी सांगतात. मला तेवढा दम नाही, आत्ताच सांगून टाकतो. माझ्यासारखा एखादा डबा तुमच्या घरी असेल तर त्याला आपटू नका. नळी फुटलीच तर पाऱ्याला हात लावू नका, मोठ्यांना हाक मारा, आणि कचऱ्यात तर मुळीच टाकू नका. आणखी एक. तुमच्या वर्गातला एखादा मुलगा उद्या म्हणाला, मला नर्स व्हायचंय, तर दात काढण्याआधी थोडं थांबा. तुमच्याही घरात कधीतरी कुणी आठ दिवस झोपून असेल. तेव्हा येणारा हात कुणाच्या तरी घरचाच असणार आहे. झाला बोध. आता उरलेली गोष्ट.

शिबिर संपलं. मला मोहितच्या खांद्यावर देऊन कुसुमताई रिक्षाने पुढे गेल्या. भवनाबाहेर वामनरावांनी स्कूटर काढली, पण ती घराच्या रस्त्याला वळलीच नाही. रविवारचं गांधीबाग बंद होतं. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि वाकून आत गेले. मागोमाग आम्ही. दिवा लावून ते त्या पांढऱ्या भिंतीपुढे उभे राहिले. एक तागा काढला, अंगठ्याने चोळला, बाजूला ठेवला. "हे नको, धुण्यात पिवळं पडते." दुसरा काढला, उजेडाकडे धरला. "हे पातळ हाय." तिसरा, चौथा. मी पिशवीतून बघत होतो आणि माझा जीव नुसता वर-खाली होत होता. सातवा तागा त्यांनी उलगडून फळीवर पसरला आणि दोन्ही तळहातांनी सपाट केला.

"दोन ड्रेसचं काप," ते म्हणाले. "वरून वीतभर जास्त घेजो, डब्याचा पट्टा शिवाले. आजच शिवाले टाकू. उद्या किती वाजता पोचाचं हाय आपल्याले?"

"दहा वाजता," मोहित म्हणाला. मग कात्री हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. "बाबा, तुम्ही तं म्हणत होते, दुकानात पांढरं नाही."

वामनरावांनी कापडाची किनार सरळ केली आणि त्याच्यासाठी धरून ठेवली.

"आहे," ते म्हणाले. "काप."