हेमराजचा हात

पाटावर तांदूळ, तांदळावर लाल कापड आणि कापडावर माझ्या भावाचा फोन. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शिंदखेड्याहून मोटारसायकली आल्या होत्या, पपईच्या तोडणीचे मजूर काम सोडून आले होते, समोरच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, बायका पदर ओढून उन्हात बसल्या होत्या. मेलेला माणूस आज आपला फोन स्वतः उघडणार होता.

माझा भाऊ हेमराज तेवीस दिवसांपूर्वी गेला. छत्तीस वर्षांचा होता. पपई उतरवता उतरवता दुपारी जेवायला बसला, जेवला आणि बसल्या जागी आडवा झाला. धुळ्याच्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका असं लिहून दिलं. मी धुळ्यालाच एका कॉलेजात संगणक शिकवते. या तेवीस दिवसांत मी एकदाही रडले नव्हते. कुणी धीर दिला की मान हलवायची, चहा दिला की प्यायचा. आत काहीच हलत नव्हतं.

त्याला अंगात घेऊन फोन उघडणार होता तो प्रेमराज भगत. पूर्वी त्याला लिंबू आणि सूप पुरायचं. गावोगाव फोन पोचले तसा त्यानेही धंदा सुधारून घेतला.

"आंगठाना ठसा खोटा व्हई, फोटो खोटा व्हई," तो गर्दीला सांगत होता, "पन मरेल मानूसनं बोट खोटं नही व्हस. वर टावर नही शे, रिचार्ज नही शे. तरी मना मंतरले रेंज शे."

कुणी हसलं नाही. एरवी मी हसले असते.

लोक उगाच जमले नव्हते. फोनचा पॅटर्न हेमराजशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता, त्याच्या बायकोला, दिपमालालाही नाही. तो गेला त्या दिवशी मजुरांनी फोन त्याच्या भाकरीच्या रिकाम्या डब्यात ठेवून घरी आणला. मेलेल्याच्या वस्तूला सव्वा महिना हात लावायचा नाही, म्हणून मायने डबा तसाच कोठीवर ठेवून दिला. आज सकाळी भगताने स्वतः झाकण काढलं आणि काचेला बोट लागू न देता फोन चार्जिंगला लावला. हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

ऊद पेटला. भगताने डोक्यावरून फोनवर घोंगडी ओढून घेतली, उन्हाकडची बाजू तेवढी उघडी ठेवली. काचेवर मूठभर अंगारा टाकला, फुंकला आणि आत वाकून बराच वेळ पुटपुटत राहिला. मग घोंगडी फेकली, अंगात आल्यासारखं घुमत डोळे फिरवले आणि अंगठ्याने काचेवर रेघ ओढली. फोन थरथरला, पण उघडला नाही.

"लाजस तो," भगत म्हणाला. "आखो जीव कच्चा शे."

दुसऱ्या रेघेला फोन उघडला. पडद्यावर हेमराज, खांद्यावर त्याची सहा वर्षांची ज्योती.

गर्दीतून एकच आवाज निघाला. माझी माय, झुंबरबाई, जमिनीला कपाळ टेकून बसली. तिने त्या फोनलाच विचारलं, "बेटा, तुले कोनी खाधं?"

भगताचा अंगठा सरसर फोटोंवरून फिरू लागला. लग्न, बैल, पपईची गाडी, पुन्हा लग्न. दिपमालाच्या फोटोवर तो थांबला. आवाज घोगरा करून म्हणाला, "हाईनी. भाकरमा घालीसनी दिधं."

भगताला गुन्हेगार शोधावा लागत नाही. घरातली माणसं आधीच कुणाकडे तरी बोट दाखवून बसलेली असतात, त्याने फक्त कान उघडे ठेवायचे. शेवटची भाकर दिपमालाने दिली, हे माय पहिल्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली की कावळ्याला फाशी ठरलेली.

"डाकीन," धाब्यावरून कुणीतरी म्हणालं. मोठ्याने नाही, अगदी साध्या आवाजात. दिपमालाच्या शेजारच्या बायका सरकल्या. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, पण तिच्याभोवती जागा झाली.

गावचे पोलीस पाटील मोतीलाल नाना आमच्या भाऊबंदांतले. त्यांनी घसा साफ केला. "सांजना पहिले हाईले मायेरले धाडा. पोर आठेच ऱ्हाई."

दिपमालाने ज्योतीला पोटाशी धरलं. दोघी जणींनी पोरीचे हात धरून तिला सोडवून घेतलं. दिपमाला ओरडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी काही केलं नाही. हे लिहायची लाज वाटते, पण लिहायला हवं. मी रोज वर्गात तर्क शिकवते आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं की फोन उघडला तर खरा. भगत खोटा आहे हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि तोंड उघडणं यांत जे अंतर असतं ते चालायची ताकद नव्हती.

तेवढ्यात भगताचा अंगठा पुन्हा फोटोंवरून फिरला आणि फोन बंद झाला. पडदा पांढरा झाला आणि वर अक्षरं आली: नेहमीचा हात वाटत नाही. पासवर्ड द्या.

ती अक्षरं मीच लिहिली होती. दिवाळीत मी हेमराजच्या फोनमध्ये एक ॲप टाकलं होतं. माझं कामच ते. माणूस काचेवर बोट कसं फिरवतो, किती दाबून, किती वेगाने, किती लांब, कुठून कुठे, हे पहिले तीन आठवडे शिकायचं आणि मग त्यावरून फोनचा धनी ओळखायचा. पॅटर्न चोरता येतो, पण हाताची सवय चोरणं फार अवघड. फोन परक्याच्या हाती पडला, तर वीसेक वेळा बोट फिरल्यावर ॲप तो बंद करतं. संशोधनासाठी मला पन्नास माणसांचे हात हवे होते, त्यांतला एक भावाचा. तेवीस दिवसांत मी ते साफ विसरले होते.

"डाकीननी सावली पडनी," भगत म्हणाला. "हाईले भाईर काढा, फोन आपेआप चालू व्हई."

मी उठले.

"भगत," मी विचारलं, "हेमराज कोनता हातघाई फोन वापरे?"

भगताने माझ्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे. "जेवना हातघाई. बठ्ठाच वापरतस."

मग जमिनीवर बसलेली माय हळूच म्हणाली, "डावाघाई. त्याना जेवना आंगठा कडबा कुट्टीमा गया व्हता."

हातच्या कंकणाला आरसा कशाला म्हणतात, पण आम्ही कंकणाकडेच पाहिलं नव्हतं. हेमराजच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता हे अख्ख्या गावाला माहीत. भगताने भर उन्हात सगळ्यांसमोर उजव्या अंगठ्याने फोन चालवला आणि दीडशे माणसांपैकी एकालाही ते खटकलं नाही. मलाही नाही. खटकलं फक्त फोनला.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने फोनला हात जोडले. "देव शे फोनमा."

"बाबा, देव नाही, आकडे आहेत," मी म्हणाले. "आणि ते चुकतात. शंभरात चार-पाच वेळा हे ॲप घरच्या धन्यालाच चोर ठरवतं. याच्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. फोन उघडला कसा, ते मी दाखवते. मग तुम्हीच करून पाहा."

घोंगडीची उघडी बाजू आता माझ्या ध्यानात आली होती. मी मोतीलाल नानांना त्यांचा फोन पदराने लख्ख पुसून दिला. घरातून तेलाची वाटी आणली. पपईचा चीक अंगाला लागला की कातडी भाजते, म्हणून तोडणीला जाणारा प्रत्येक माणूस हाताला तेल चोपडतो. हेमराजही चोपडायचा. नानांनी बोटाला तेल लावलं, माझ्याकडे पाठ करून पॅटर्न ओढला, फोन बंद केला. मी भगताच्याच ताटातला अंगारा काचेवर टाकला, फुंकला आणि फोन उन्हात तिरका धरला.

तेलाच्या रेघेवर राख चिकटून बसली होती. नानांचा पॅटर्न काळ्या काचेवर सरळ वाचता येत होता. मी तो ओढला. फोन उघडला नाही.

"हाऊ बी लाजस का?" मागून एक मजूर म्हणाला. पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

"रेघ दिसते, पण सुरुवात कुठल्या टोकाकडून ते दिसत नाही," मी म्हणाले आणि तीच रेघ उलटी ओढली. नानांचा फोन उघडला. त्यांच्या पडद्यावर एकवीरा देवी होती.

मग पाच-सहा जणांनी करून पाहिलं. एकदा अंगारा जास्त पडला आणि काही दिसेना, एकदा तेलच कमी पडलं. बाकीच्या वेळी जमलं. हेमराजने जेवायच्या आधी तेलकट बोटाने फोन उघडून बाजूला ठेवला होता. डब्यात ती रेघ तेवीस दिवस कुणी पुसली नाही. मेलेल्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, या आमच्या रीतीनेच ती भगतासाठी जपून ठेवली.

भगत तोवर मोटारसायकलपर्यंत पोचला होता. नानांनी गाडीची चावी काढून घेतली आणि त्याला ओट्यावर बसवलं. बाईला डाकीण ठरवणं हा गुन्हा आहे हे पोलीस पाटलाला माहीत असतं. तासाभरापूर्वीही माहीत होतं. त्यांनी शिंदखेड्याच्या पोलिसांना फोन लावला तेव्हा मी त्यांच्या जवळच उभी राहिले.

ज्योती धावत आईकडे गेली. मायला उठून उभं राहायला दोघांचा आधार लागला. ती दिपमालाजवळ गेली. माफी वगैरे मागायची तिला सवय नाही. म्हणाली, "घरमा चाल. ऊन लागी पोरले."

दिपमाला जागची हलली नाही. तिने मला विचारलं, "अक्का, तुमनं ते यंत्र फोनमा नसतं, तर?"

माय खाली बघू लागली. नाना बघू लागले चावीकडे. मी दिपमालाच्या पायाशी बसले आणि तेवीस दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं.

तुम्ही जे कुणी हे वाचत असाल, त्यांना एवढंच सांगायचं आहे. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे केलं कसं. माणसावर आळ आला की मान हलवण्याआधी विचारा, पुरावा काय. विचारायला संगणक शिकावा लागत नाही, माझ्यासारखं गप्प न बसणं पुरतं. पुरावा नसेल तर ती बाई निर्दोष आहे आणि ते ठरवायला कुठलंही यंत्र लागत नाही.

हेमराजचा हात ओळखायला त्या फोनला तीन आठवडे लागले होते. दिपमाला आमच्या घरात अकरा वर्षं होती.