पाच फूट एक इंचाचा पलंग

मित्रांनो, माझ्या पोटात आता पलंग आहे, घडीचे टेबल आहे, तीन हुक आणि एक दिवा आहे. पण मी जन्माने पावाची गाडी. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा पांढरीशुभ्र होते आणि माझ्या दोन्ही कुशींवर गव्हाची सोनेरी ओंबी रंगवलेली होती. एका बेकरीने मला घेतले. गरम पावांचे ट्रे माझ्या फळ्यांवर रचायचे आणि सकाळी सकाळी गल्लोगल्ली हिंडायचे, हे माझे काम. मी कोपऱ्यावर वळले की लोक चहाचे आधण ठेवत. "आली गं गाडी!" असे कुणी ओरडले की माझी छाती फुगायची. खोटे कशाला सांगू, मला कौतुक फार आवडते.

बारा वर्षांनी बेकरीने माझ्याहून मोठी, चकचकीत गाडी आणली आणि मला मागच्या भिंतीशी नेऊन उभे केले. तिथे मी चार वर्षे काढली. टायर बसले, ओंबीचा रंग उडाला, फळ्यांवर कोळ्यांनी संसार थाटले. बेकरीतली माणसे रोज माझ्या शेजारून जात, पण मान वळवून कुणी बघत नसे. फार वाईट वाटायचे. पण गाडीला रडता कुठे येते? नुसते तेल गळते.

मग एक दिवस एक सुतार आला. त्याने मला ना लाथ मारली, ना हॉर्न वाजवून बघितला. खिशातून टेप काढला आणि माझे माप घेतले. हा माणूस दारे-खिडक्या बनवायचा आणि दिसेल ते मोजायचा. पाहुणा उंबऱ्यात आला तरी आधी त्याची उंची डोळ्यांनी मोजणार, मग 'या, बसा' म्हणणार. दारे वाहून न्यायला त्याने मला घरी आणले. घरात त्याची बायको, त्याची आई आणि आठ वर्षांची मुलगी. मुलगी दिवसभर काही ना काही उचलून इकडून तिकडे नेत असे, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत.

सुताराची बायको दातांच्या एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. अकरा वर्षे तेच काम, आणि हात असा की म्हातारी माणसे मुद्दाम तिच्याच हातची कवळी मागत. लॅबमध्ये तिचे नावच कवळीताई पडले होते. मीही तिला ताईच म्हणते. लॅब दूरच्या शहरात होती. तिथे जाणारी थेट बस बंद झाली आणि ताई मला घेऊन जाऊ लागली. जायला अडीच तास, यायला अडीच तास. घर हलवावे म्हटले तर सुताराची कामाची शेड घराला लागून, मुंगीची शाळा समोर आणि आजींचे गुडघे शहरातल्या जिन्यांना तयार नाहीत.

ताई घरी पोचायची तेव्हा तिच्यात काही उरलेले नसायचे. मुंगी तिला शाळेतल्या गमती सांगायला बसायची आणि दुसऱ्या वाक्याला ताईची मान कलायची.

एका संध्याकाळी ती मान माझ्या स्टिअरिंगवर कलली. चांगला उजेड होता, रस्ता सरळ होता. मी मात्र सरळ न जाता कडेला घसरत गेले, आणि माझे नाक रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात घुसले. ताई दचकून जागी झाली. ढिगाच्या पलीकडे खोल नाला होता. तो बघून ती बराच वेळ रडली. मग रुमालाने माझे नाक पुसले आणि घरी आली.

"उशीर झाला गं?" आजींनी विचारले.

"रस्त्याचं काम चाललंय," ताई म्हणाली. ते काही खोटे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुतार माझ्यापुढे उकिडवा बसला. बंपरच्या फटीतली चिमूटभर वाळू त्याने बोटांत चोळून बघितली. त्यांच्याकडची वाळू तांबूस, ही करडी. बोलला मात्र कुणाशीच नाही. सुट्टी आली तशी त्याने माझ्या सगळ्या फळ्या उचकटल्या.

"अहो, हे काय चालवलंय?" ताईने विचारले.

"तुला झोपायला पलंग करतोय. सोमवारी जायचं, गुरुवारी यायचं. मधले दिवस गाडी लॅबच्या आवारात लावायची आणि तिथेच राहायचं. तुझ्या साहेबांना विचारून ठेव."

"हे असं एकदम कुठून आलं मनात?"

"फळ्या कुजल्या होत्या," तो म्हणाला आणि रंधा मारू लागला.

साहेबांनी परवानगी दिली, आवारातल्या न्हाणीघराची किल्लीही दिली. आजींना मात्र हे मुळीच पटेना. "घरात धडधाकट पलंग असताना सून गाडीत झोपणार? आणि पोरीने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" शेवटी त्यांनी अट घातली. महिनाभर बघू; मुंगी कोमेजली तर ताईने नोकरी सोडायची. ताई लगेच हो म्हणाली, कारण तिच्याही मनात तीच धास्ती होती.

आता पलंगाची गोष्ट ऐका. सुताराने ताईला भिंतीला पाठ लावून उभी केली, टेप लावला आणि बरोबर पाच फूट एक इंचाचा पलंग केला. दार चौकटीत बसवावे तशी त्याने बायको पलंगात बसवली! झोपलेल्या माणसाला उशी लागते, पाय ताणावे लागतात, हे त्या दारवाल्याच्या डोक्यातच आले नाही. पहिल्याच दिवशी ताईचे डोके एका फळीला आणि टाचा दुसऱ्या फळीला टेकल्या. ती गुडघे पोटाशी घेऊन झोपली. सकाळी सुताराचा फोन आला.

"पलंग कसा झालाय?"

"अगदी मापात," ताई म्हणाली.

ही सगळी माणसे अशीच होती, मित्रांनो. एकमेकांना जपायच्या नादात कुणी कुणाला काही सांगायचे नाही.

तरीही ताईचे दिवस पालटले. उठायचे, तोंड धुवायचे, चाळीस पावले चालायचे की लॅब. संध्याकाळी ती माझे मागचे दार उघडून पायरीवर चहा घेत बसे आणि रस्त्यावरून घाईने घरी निघालेल्या गाड्या बघे. तिचा हात पुन्हा पहिल्यासारखा स्थिर झाला. पण घरून फोन आला की तिचा चेहरा उतरायचा. मुंगी फोनवर 'हो' आणि 'नाही' एवढेच बोलायची. आजी सांगायच्या, "पोर संध्याकाळची वही घेऊन कोपऱ्यात बसते. विचारलं तर सांगत नाही." गुरुवारी ताई घरी गेली की मुंगी त्या वहीतून आठवडाभराच्या बातम्या वाचून दाखवायची. ताई ऐकायची आणि आपण काय काय हुकवले ते मोजत बसायची.

महिना संपत आला. शाळेला सुट्टी होती त्या बुधवारी आजी मुंगीला घेऊन थेट लॅबच्या आवारात हजर झाल्या. दोन बस बदलून आल्या होत्या. माझ्या पायरीवर बसून त्यांनी गुडघे चोळले.

"अगं बाई, हाडं खिळखिळी झाली. आणि तू हे रोज करत होतीस? जाऊन-येऊन?"

आजी आत आल्या. त्यांनी हुक ओढून बघितले, टेबलावरून बोट फिरवून धूळ बघितली, आणि जरा पाठ टेकावी म्हणून पलंगावर आडव्या झाल्या. धाडकन त्यांचे पाय फळीला लागले.

"हा काय पलंग आहे की पाळणा? तू यात झोपतेस कशी?"

"गुडघे दुमडून," ताई हळूच म्हणाली. "ह्यांना सांगू नका हं, आई. एवढ्या हौसेने केलाय."

आजी उठून बसल्या. त्यांना हसू आवरेना. पिशवीतून त्यांनी एक डबी काढली. डबीत त्यांची कवळी होती, दीड वर्षापूर्वी ताईनेच बनवलेली.

"मग माझंही ऐक. ही डावीकडे टोचते. चारचौघांत घालते आणि जेवताना गुपचूप काढून ठेवते. तू दमून यायचीस, तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

ताईने कवळी उजेडात धरली. डाव्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी धार राहिली होती. डोळे मिटत असताना केलेले काम होते ते. ती लॅबमध्ये गेली आणि दहा मिनिटांत धार घासून परत आली. आजींनी कवळी बसवली, जबडा इकडेतिकडे हलवला आणि टेबलावरच्या पावाची कडक कड उचलून चावली. कुरुम असा आवाज झाला. माझ्या पोटात इतक्या वर्षांनी पाव मोडल्याचा आवाज!

"वाळूचंही सांगून टाकते," ताई म्हणाली, आणि तिने नाल्यापर्यंतचे सगळे सांगितले. आजींचा हात पावासकट थांबला. पाव टेबलावर ठेवून त्यांनी तो हात सुनेच्या पाठीवरून फिरवला आणि मुंगीला जवळ ओढले.

"तू सांग गं. आईने नोकरी सोडून घरी यावं का?"

ताईने श्वास रोखला. मीही रोखला असता.

"आई रोज घरी यायची तेव्हा झोपलेलीच असायची," मुंगी म्हणाली. "माझी गोष्ट कधी संपायचीच नाही. आता ती गुरुवारी शेवटपर्यंत ऐकते. म्हणून मी लिहून ठेवते. फोनवर सांगितलं तर गुरुवारी काय वाचू?"

ताईने मुंगीला मिठी मारली आणि दोघी त्या आखूड पलंगावर बसून पोटभर रडल्या. ताई वाळूच्या ढिगापाशी रडली होती, तसले हे रडणे नव्हते. आजींनी पावाची दुसरी कड उचलली. "सोडू नकोस नोकरी," त्या चावता चावता म्हणाल्या. "पण हा पलंग वाढवून घे."

गुरुवारी घरी गेल्यावर सुताराला सगळे कळले. तो कानापर्यंत लाल झाला. "आणि वाळू मी त्याच दिवशी ओळखली होती," त्याने कबूल केले. मग टेप घेतला, ताईला या वेळी आडवी झोपवली आणि पाय ताणायला लावून माप घेतले. फळी कापताना पेन्सिल खाली घरंगळली. ती घ्यायला तो वाकला आणि त्याला माझ्या चाकामागचे तेलाचे थेंब दिसले. ब्रेकचे तेल होते ते! कितीतरी दिवस गळत होते. त्याच दिवशी नळी बदलली गेली आणि माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी मुकी मंडळी असतील. कधीतरी त्यांच्याखाली वाकून बघत जा. आणि तुम्हाला तर तोंड आहे. कुठे टोचते ते वेळेवर सांगत जा.

मुंगीने आता माझ्या दाराशी एक पाटी टांगली आहे. ज्याला जे टोचेल ते त्याने तिच्यावर लिहायचे. पहिली ओळ आजींची आहे, 'उशी फार उंच.' त्याखाली मुंगीने माझ्या वतीने लिहिले आहे, 'मागचं दार करकरतं. — गाडी.'

ते खरंच करकरते. बेकरीत होते तेव्हापासून.