मालनचं पानी

पापडीला बसमधून उतरताना दिवाकरच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला अ‍ॅम्प्लिफायर होता. गॉडफ्रेच्या स्पीकरच्या दुकानात त्याने तो खाली ठेवला, तेव्हा गॉडफ्रे हसतच सुटला.

"हे धूड कशाला आणलंस?"

"स्पीकर लावून बघायला नको?"

"अरे, हे अ‍ॅक्टिव्ह आहेत. अ‍ॅम्प्लिफायर ह्यांच्या पोटातच असतो. तीस वर्षं कर्णे लावून अख्खं आगाशी गाव बहिरं केलंस, आता तुझेच कान गेले काय?"

"कान शाबूत आहेत. म्हणून तर आलो."

केळीची वाडी सांभाळून दिवाकर लग्नाच्या मांडवांत लाऊडस्पीकर लावायचा. त्याच मांडवांत त्याची बायको, मालन, हळदीची गाणी म्हणायची. तिला जाऊन चौदा महिने झाले होते. लेकीची, हेमालीची, हळद पुढच्या महिन्यात होती, आणि ती गाणी पुरती येणारं घरात आता कोणी उरलं नव्हतं. मात्र दिवाकरच्या मोबाइलवर मालनची सात गाणी होती. हेमालीच्या लॅपटॉपसमोर बसून त्याने त्यांना ढोलकी जोडली होती, मागची पंख्याची घरघर कमी केली होती. तुझ्या हळदीला आईच गाणार, असं त्याने लेकीला कबूल केलं होतं.

पण जमत नव्हतं. घरच्या स्पीकरच्या जुन्या खोक्यांवर मालनचा आवाज भरदार वाटायचा. तोच भावाच्या गाडीत लावला की पातळ, किरकिरा. कुणा परक्या बाईचा.

"तुझी खोकी घुमतात," गॉडफ्रे म्हणाला. "खालचा, खर्जातला आवाज आहे त्याहून जास्त दाखवतात. म्हणून तू तो कापत बसलास. मग बाहेर उरणार काय?"

त्याने दोन जोड्या मांडल्या. "रोज ऐकतोस ते काहीतरी दे. नव्या गाण्यावर स्पीकर कळत नाही."

दिवाकरने हात न लावलेलं मूळ रेकॉर्डिंग दिलं. मोठ्या जोडीवर ते सुरू झालं आणि मालन दुकानभर झाली. गोड, गरम आवाज.

"हीच," दिवाकर म्हणाला.

"थांब. गोड लागली ना? मग ती कामाची नाही. ती तोंडावर गोड बोलते."

दुसरी जोडी लहान होती. तिच्यावर आवाज आधी कोरडाच वाटला. गॉडफ्रेने स्टूल ओढलं, दिवाकरला खांद्याला धरून दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसवलं. "आता हलू नकोस."

दिवाकर हलला नाही. एक स्पीकर डावीकडे होता, एक उजवीकडे. मालन मधे होती. तिथे नुसती भिंत होती.

"पाट्यावरच्या हळदीला पानी घाला गं."

मालन खाडीकाठच्या गावची. पाण्याला पानी म्हणायची. सासरी जावांनी चिडवून चिडवून बोलण्यातलं पानी घालवलं, पण गाण्यातलं राहिलं. ह्या रेकॉर्डिंगमध्ये ती 'पा' म्हणून किंचित थांबते, मग 'नी' येतं. ही तिची खास लकब, असं दिवाकर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने ऐकवायचा.

त्या थांबण्यात काय आहे ते आज ऐकू आलं. श्वास. आखूड, ओढून घेतलेला. पुढच्या कडव्यात पुन्हा तोच. गाणं संपल्यावर रेकॉर्डिंगमधून दिवाकरचाच आवाज आला, "छान झालं. परत एकदा म्हण." आणि मग मालन, "म्हणते."

तिचा आजार कळला त्याच्या पाच महिने आधीचं ते रेकॉर्डिंग होतं.

गॉडफ्रेने आवाज कमी केला. मग म्हणाला, "श्वास काढता येतो. दोन मिनिटांचं काम. कोणाला कळायचं नाही."

"मोठ्या जोडीवर तो ऐकू आला नाही."

"आला नाही. पण असतोच."

दिवाकरने अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा गोणपाटात गुंडाळला. "ही लहान जोडी बांध," तो म्हणाला.

केळी लावताना ओळ धरायची सुतळी घेऊन त्याने घरच्या टेबलावर स्पीकर मांडले. दोघांत जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येकापासून खुर्चीपर्यंत. घुमणारी खोकी माळ्यावर गेली. आधी जे जे कापलं होतं, ते त्याने हळूहळू परत आणलं. गाडीत लावून पाहिलं, मोबाइलवर पाहिलं. सगळीकडे मालनच होती. मग त्याने हेमालीला हाक मारली.

"मी इथे कॉटवर बसते पप्पा."

"नको, बाजूने नीट येत नाही. ही जागा एकाचीच असते." तो उठला, तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतः दाराशी उभा राहिला. तिथून फक्त उजव्या स्पीकरचा आवाज येत होता.

हेमालीने डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्या कडव्याला म्हणाली, "आई दमलीय इथे."

"हो. मला तेव्हा कळलं नाही. वर मी परत म्हणायला लावलं."

गाणं संपल्यावर त्याने पुढे येऊन ते बंद केलं.

"श्वास काढता येतो," दिवाकर म्हणाला. "तुझी हळद आहे. तू म्हणशील तसं."

"राहू दे. पण शेवटी ती 'म्हणते' म्हणायची, ते कुठेय?"

"ते गाण्यातलं नाही, म्हणून कापलं."

"ते पण ठेवा."

ती उठली. दिवाकर खुर्चीत बसला. ढोलकी थांबते तिथे त्याने तो शब्द परत जोडला, आणि बरोबर मधून येतोय ना, ते बघायला लावून पाहिला. मधूनच येत होता. त्याने परत एकदा लावला.