सुंदराबाईनं उचललेलं ढेकूळ

मनात आलेला प्रश्न विचारल्याशिवाय सुंदराबाईच्या गळ्याखाली घास उतरत नसे. हिवरखेडात कापूस वेचताना तिनं मुकादमाला इतकं भंडावलं होतं, की ती दिसली की तो कपाशीच्या दुसऱ्या ओळीकडे वळायचा. म्हणूनच ती लेकीच्या बाळंतपणाला आफ्रिकेत निघाली तेव्हा तिचा नवरा पुंजाजी म्हणाला, "तिथल्या लोकायचं डोकं खाऊ नको. अन् येताना पोरीले, जावयाले, लेकराले संगं घेऊन येजो. लय झाला परदेस."

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा रिवाज. पण डॉक्टरनं शालूला बोटीत बसायची मनाई केली, तेव्हा माहेरच बोटीत बसून नैरोबीला गेलं. जावई देवमन तिथं मास्तर होता. त्यानंच तिकीट पाठवलं होतं.

सगळं सुखरूप पार पडलं. नातू तीन महिन्यांचा झाला आणि खरा पेच समोर आला. देवमनच्या नोकरीची मुदत संपत आली होती, पण शाळा त्याला आणखी पाच वर्षं ठेवून घ्यायला तयार होती. देवमन म्हणे, शालू म्हणेल तसं. शालू म्हणे, माय म्हणेल तसं. सुंदराबाईचं उत्तर तर घरून निघतानाच तयार होतं: सामान बांधा. ती ते बोलून टाकणार, तेवढ्यात देवमन म्हणाला, "मामी, आधी दोन दिवस जनावरायचं रान पाहून घ्या. मंग सांगा." सासूला तो मामी म्हणायचा.

रान कसलं, ते संपायचं नावच घेत नव्हतं. छातीएवढं गवत, मधूनच छत्रीसारखी पसरलेली बाभूळ. जीपमध्ये सुंदराबाईचं तोंड सुरू झालं. एवढ्या लांब मानेचं जनावर बाभूळ खाते, मंग त्याच्या जिभेले काटे टोचत नाही? या पट्ट्यापट्ट्यायच्या गाढवांवर कोणी ओझं काहून लादत नाही? हजारो रानगाई चालल्या, यायचा गुराखी कुठं हाये? जीप चालवणारा मुतुआ हा तिथलाच रखवालदार. शालू एकेक प्रश्न त्याला त्याच्या भाषेत विचारी आणि तो हसत हसत उत्तर देई.

"अन् या वावराचा मालक कोण?"

मुतुआ या वेळी हसला नाही. शालूनं त्याचं बोलणं सांगितलं, "त्याच्या आज्याची गुरं चरत होती इथं. मंग सरकारनं त्यायले हटवलं अन् जनावरांसाठी राखून ठेवलं."

सुंदराबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी त्यांनी तंबू ठोकला. शालूनं दोन खांबांना झोळी बांधून लेकराला त्यात टाकलं आणि तीन दगडांच्या चुलीवर मक्याच्या भाकरी केल्या. हे हिला कोणी शिकवलं, हा प्रश्न मात्र सुंदराबाईनं गिळला. उत्तराची तिला धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी पाहायला जीप थांबली. सुंदराबाईनं खाली पाहिलं आणि तिचा जीव थाऱ्यावर राहिना. जमीन काळीभोर, आणि तिला उन्हाळ्यात हिवरखेडला पडतात तशाच भेगा! वऱ्हाडातल्या माणसाला नवी जमीन दिसली की ढेकूळ उचलून मुठीत दाबून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. खाली उतरायचं नाही, असं तिला तीनदा बजावलं होतं. पण ते जनावरं पाहायला उतरण्याबद्दल, असा तिचा हिशेब. मातीबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. ती उतरली, आठ-दहा पावलं चालली आणि वाकून तिनं ढेकूळ उचललं.

समोर वीस पावलांवर गवतातून एक कान वर आला. मग दुसरा. मग डोळे.

सिंहीण होती. सुंदराबाईचे पाय जागीच खिळले. तशातही तिला शालूचीच भीती वाटली. पाल दिसली तरी आईच्या पदरात तोंड खुपसणारी ही पोर, आता किंचाळणार आणि घात होणार.

"माय," जीपमधून हळू, सरळ आवाज आला. "पळू नको. पाठ दाखवू नको. तिच्याकडं पाहत एकेक पाऊल मागं घे. मी हाये इथं."

मुतुआनं बंदूक उचलली होती. शालू त्याच्या भाषेत दोन शब्द बोलली आणि तो तसाच थांबला. लेकरू तिच्या खांद्यावर होतं, त्याला थोपटणारा हातसुद्धा थांबला नव्हता. "अजून एक. आता अजून एक."

नवव्या पावलाला देवमननं दोन्ही हातांनी सुंदराबाईला आत ओढलं. सिंहिणीनं जांभई दिली आणि ती पुन्हा गवतात आडवी झाली.

"काहून उतरली व? सांगतलं होतं ना तुले!" शालू कडाडली. सुंदराबाईला भीती वाटत होती, लाज वाटत होती आणि लेकीचा इतका अभिमान वाटत होता की डोळे भरून आले. मुठीतलं ढेकूळ तिनं पदराच्या गाठीत बांधलं.

"जावईबापू," ती म्हणाली, "पाच वर्षांच्या कागदावर सही करा. माझं एकटीचं तिकीट काढा."

तेव्हा कुठे शालू रडली. आईच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली.

हे पत्रानं कळवायचं सुंदराबाईला धाडस झालं नाही. आकोल्याच्या स्टेशनावर पुंजाजी नवं धोतर नेसून उभा होता. हातात लाल टोपडं होतं, बाजारातून आताच घेतलेलं. ती उतरली तरी तो तिच्या मागच्या दाराकडेच पाहत राहिला. गाडी हलली तेव्हा त्यानं तिच्याकडे पाहिलं.

तिनं गाठ सोडून ढेकूळ त्याच्या हातावर ठेवलं. सवयीनं त्यानं ते दाबलं, चुरा बोटांत घोळवून पाहिला.

"आपल्यासारखीच काळी हाये," तो म्हणाला.

"हो. अन् तिच्यावर मी सिंहिणीसमोर उभी होती. आपल्या शालूनं मले मागं आणलं. आवाज कापला नाही तिचा."

पुंजाजीनं तो चुरा धोतराच्या सोग्यात बांधला. मग टोपडं पुढे करून म्हणाला, "मंग याचं काय करू?"

"बदलून आणू," सुंदराबाई म्हणाली. "मोठं घ्या. पोस्टानं पोहोचेस्तोर पोरगा वाढंल."