बारावा पदार्थ

दानुतेबाईंनी ‘फास्टन’ म्हटलं, म्हणजे उपास, आणि चारुलताने पुढचं ऐकलंच नाही. उपासाबद्दल तिला कोण काय सांगणार? जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये सहा वर्षं काढूनही एक एकादशी मोडली नव्हती तिने. “बारावा पदार्थ माझ्याकडे,” ती म्हणाली.

खालच्या मजल्यावरच्या दानुतेबाई लिथुआनियाच्या. त्यांचे यजमान योनास ऑगस्टमध्ये गेले. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्यात कुचोस असतं : बिनमांसाचे बारा पदार्थ, आणि गेलेल्या माणसाचं ताट मांडायचं. गुडघ्यांमुळे यंदा अकराच्या पुढे मजल जात नव्हती.

चारुलताने साबुदाण्याची खिचडी केली. दुसऱ्याच्या घरी न्यायची, म्हणून तूप जरा सढळ हातानेच.

साडेचारला अंधारलं तशी बाईंनी मेणबत्ती लावली. टेबलावर बीट, मश्रूम, खसखस वाटून काढलेल्या दुधात भिजवलेली इवलाली बिस्किटं आणि मधोमध खारवलेला हेरिंग.

“उपासाला मासा?” जयंतने बायकोला मराठीत विचारलं.

“गप. त्यांच्यात चालतो.”

“सकाळपासून दूध नाही, अंडं नाही, लोणी नाही,” दानुतेबाई म्हणाल्या. “रशियनांच्या राज्यात पडदे ओढून केलं, पण मोडलं नाही. फ्राउ लाता, तुमच्या पदार्थात लोणी नाही ना?” चारुलताचं त्यांच्या तोंडी ‘लाता’ व्हायचं.

लोणी नव्हतंच. तूप होतं.

“नाइन,” चारुलता म्हणाली. नाही.

जयंत तिच्याकडे बघतच राहिला. “अगं, तूप म्हणजे...”

“कळतंय मला. पण मग अकराच होतात रे.”

“मग आता गप्प बस. त्यांना कुठं कळणारै.”

दानुतेबाईंनी खिचडीचा घास घेतला. “किती मऊ,” म्हणाल्या. मग चमचाभर योनासच्या ताटात वाढली आणि पातेल्यातून बटाट्याच्या फोडी वेचून त्यावर ठेवू लागल्या. “बटाटा फार आवडायचा त्याला.”

तिसऱ्या फोडीला चारुलताने हातातला चमचा खाली ठेवला. सासऱ्यांच्या श्राद्धाच्या पानात कुणी गुपचूप कांदा घातला असता तर? त्या माणसाला तिने उभ्या जन्मात दारात उभं केलं नसतं.

“फ्राउ दानुते, यात लोणी आहे. कढवलेलं. आमच्यात उपासाला तेच लागतं, म्हणून...”

बाईंनी हातातली फोड खाली ठेवली. योनासचं ताट उचललं, सिंकमध्ये साबणाने धुतलं, पुसलं, परत मांडलं. मग अकराही पदार्थ पहिल्यापासून वाढायला घेतले, टेबलाचा आधार घेत, एकेक पाऊल टाकत. चारुलता मदतीला उठली.

“बसा.”

ती बसली. जयंत मेणबत्तीकडे बघत होता, जसं काही ती त्यानेच डिझाइन केली होती.

“लोणी चालत नाही हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं,” दानुतेबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. “मी विचारलं तेव्हा माहीत होतं.”

“या,” चारुलता म्हणाली. हो.

बाईंनी एक सफरचंद कापलं. बारावं. एक फोड योनासच्या ताटात, एक स्वतःला, एक जयंतच्या हातात. चारुलताची तिच्या ताटलीच्या कडेला ठेवली, आणि खुर्ची ओढून बसल्या.

बारातला एकही टाळायचा नसतो. तिने फोड तोंडात घातली आणि कितीतरी वेळ नुसती चावत राहिली.