रूळ ओलांडताना

"हनुवटी वर कर, हार्लन. गुंडी लागत नाहीये."

"कॉलर आटलीय."

"हो ना, कॉलरच आटलीय. मान जशीच्या तशी आहे," असं म्हणत आईने शेवटी पप्पांची ती गुंडी लावलीच.

पप्पांच्या अंगावर नवा करडा कोट होता. नव्या बस कंपनीला रेल्वेतल्या जुन्या माणसांपैकी एकच ड्रायव्हर हवा होता आणि आज प्रवासी घेऊन शहरापर्यंत बस चालवायची पप्पांची परीक्षा होती. नोकरी मिळाली नाही तर हिवाळ्याआधी आम्ही सगळे मामाच्या शेतावर राहायला जाणार होतो. आणि मामा जेवताना प्रत्येक घासाचं मोजमाप करणारा माणूस.

"तू बस त्यांच्या गाडीत," आई मला हळूच म्हणाली. "तुझ्या पोरीला घेऊन. ओळखीचं कुणी असलं म्हणजे धीर येतो त्यांना."

सव्वीस वर्षं पप्पा लॉकवुड ते फोर्ट हेन्ली या विजेच्या गाडीवर कंडक्टर होते. वर तार, खाली रूळ, मध्ये मक्याची शेतं. फाटकाशी कुणी रुमाल हलवला की गाडी थांबायची. बायका पप्पांच्या हाती कापडाचा तुकडा द्यायच्या आणि संध्याकाळच्या फेरीला पप्पा शहरातून त्याच रंगाचा दोरा आणून द्यायचे. मग एकेकाने मोटार घेतली. मागच्या वसंतात शेवटची गाडी सुटली, तेव्हा रडायला सगळा गाव आला होता, आपापल्या मोटारीतून. आठवड्याभरात तांब्याची तार उतरवून भंगारात गेली.

मामाच्याच ट्रकवर तीन आठवडे पप्पा गाडी चालवायला शिकले. वय वर्षं त्रेपन्न.

मी पोरीला मांडीवर घेऊन अगदी मागच्या बाकावर बसले. पप्पांच्या शेजारी कंपनीचे मिस्टर प्रूइट, मांडीवर लिहायची फळी, कानावर पेन्सिल. वयाने माझ्याएवढेच असतील.

वाटेत मिसेस गुडपास्टर चढल्या. त्यांची फोर्ड बिघडली होती. ती घेतल्यापासून तीन वर्षांत त्या पप्पांच्या गाडीकडे फिरकल्या नव्हत्या.

"हार्लन! अरे, निळा दोरा संपलाय माझा."

"मॅडम, आज माझे हात स्टिअरिंगवर आहेत. दोरा तुम्हीच बघा."

"घ्या! याला म्हणायचं प्रगती. आता दोऱ्यासाठीसुद्धा मलाच शहरात जायचं!"

गाडीतले सगळे हसले. पप्पांची ताठलेली मान जराशी सैल झाली. वळणं चांगली घेतली त्यांनी, चढावर गिअरसुद्धा कुरकुरला नाही. मिस्टर प्रूइट म्हणाले, "छान. शहरापर्यंत असंच चाललं तर सोमवारी ड्रायव्हरची टोपी घेऊन जा."

 मागून मला पप्पांचे कान लाल झालेले दिसले. मी पोरीच्या कानात म्हटलं, "बघ गं, आजोबा बघ."

मग मोठ्या रेल्वेचे रूळ आले.

विजेच्या गाडीचा इथला नियम ठरलेला होता. रुळांच्या अलीकडे गाडी थांबायची. कंडक्टरने उतरून रुळांच्या मधोमध जायचं, दोन्हीकडे पाहायचं आणि हात हलवायचा. मग एर्नी, गाडी चालवणारा मोटरमन, ती पलीकडे आणायचा. दिवसातून आठदा, सव्वीस वर्षं.

पप्पांनी बस थांबवली. ब्रेक ओढला, दार उघडलं आणि उतरले. चाकात काही अडकलं असेल, असं मिस्टर प्रूइटना वाटलं असावं. पप्पा सरळ चालत रुळांच्या मधोमध गेले. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. मग आमच्याकडे तोंड करून हात उंच केला आणि 'ये' अशी खूण केली.

इंजिन गुरगुरत होतं. ड्रायव्हरची जागा रिकामी होती.

त्यांनी पुन्हा खूण केली, जरा चिडून. एर्नीला उशीर झाला की करायचे तशी.

"अगं बाई, हा कुणाला बोलावतोय?" मिसेस गुडपास्टर म्हणाल्या आणि सगळी बस खदखदून हसली. मीही हसले. तोंडावर हात ठेवेपर्यंत हसू बाहेर पडून गेलं होतं.

काचेतून पप्पांना आम्ही हसताना दिसलो. त्यांचा हात वरच राहिला.

"मिस्टर डीट्झ, ही आपोआप येत नाही हो," मिस्टर प्रूइट दारातून पप्पांना ओरडून म्हणाले. आवाजात वाईटपणा नव्हता. त्यांनी फळीवर एक ओळ लिहिली, पेन्सिल कानावर ठेवली आणि स्वतः ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले.

बस पुढे निघाली. पप्पा नियमाप्रमाणे बाजूला सरकले, गाडी रुळांवरून पूर्ण जाईपर्यंत ताठ उभे राहिले. मग शेवटच्या चाकाने रूळ ओलांडताच ते मागून धावले, कंडक्टर मागच्या पायरीवर चढतो तसे, दांडी धरायला उजवा हात पुढे करून.

बसला मागे पायरी नव्हती. दांडी नव्हती. रंगवलेला सपाट पत्रा होता आणि त्यावर एक काच. काचेच्या आत मी होते.

पोरीने ओळखलं त्यांना. तिने काचेवर तळवा ठेवला.