बर्फात राहिलेलं कोकरू

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्या पोटात बर्फ पडतो, आणि त्या बर्फात एक कोकरू एकटं उभं आहे.

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या दवाखान्यातल्या नीलाबाई सिस्टर दर नाताळाला शेजारच्या लेकरांना करंज्या द्यायच्या आणि मला लावून दाखवायच्या. माझ्यात एक कार्टून होतं. नाताळाच्या दिवशी कळपातून चुकलेलं कोकरू आणि त्याला शोधणारा म्हातारा मेंढपाळ. सिस्टरांची बदली झाली, तेव्हा जाताना त्यांनी मला लाल कागदात गुंडाळून दीपालीच्या हातात ठेवलं. दीपाली म्हणजे मेंढरं राखणाऱ्या दगडोबाची धाकटी लेक.

त्यांच्या घरी व्हिडिओ कुठला! पण नाताळ आला की दगडोबा तो भाड्यानं आणायचा. त्याच लाल कागदात मला पुन्हा गुंडाळून दीपालीला नवी भेट म्हणून द्यायचा, आणि ती दरवर्षी तितकीच हरखायची.

"ह्यो मेंढपाळ तुमच्यावाणीच वेंधळा हाये," अनुसयाबाई नवऱ्याला चिडवायची. "कोकरू गेलं, अन् हा मिशा कुरवाळून राहिला."

एका नाताळाला कोकरू बर्फात चुकलं आणि नेमकी लाईट गेली. मी तिथंच थांबले. कुणी मला मागं फिरवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दीपालीच्या थोरल्या भावाचं, शिवहारचं लग्न निघालं. ऐन हळदीत शूटिंगवाल्या अमरसिंगची कॅसेट संपली. दगडोबानं मला आणून दिलं. काचेतून आत बघत म्हणाला, "हिच्यात अर्धी जागा हाये की, साहेब. दाटीवाटी केली तर वाघुरीत आणिक दोन मेंढरं मावतेतच ना?" मेंढरं कोंडायच्या जाळीला तिकडं वाघूर म्हणतात.

माझ्यावर चुकून दुसरं काही उमटू नये म्हणून माझ्या कोपऱ्यात भोक ठेवलेलं होतं; अमरसिंगनं त्यावर चिकटपट्टी लावली. कोकरू सापडण्याची सारी गोष्ट पुसली गेली. तिथं लग्नघर उमटलं, आणि सगळ्यात आधी अनुसयाबाई. हळदीच्या हातांनी वाघुरीपाशी उभी, मेंढरांना हाका मारणारी.

"बाबा, तुमी कोकरू मारलं!" दीपाली रडली.

"मेलं न्हाई गं बये," अनुसयाबाईनं तिला कुशीत ओढलं. "वाट चुकलंय."

त्याच पावसाळ्यात अनुसयाबाई तापानं गेली.

नाताळाला दगडोबानं लाल कागद सोडवला आणि मला व्हिडिओत सरकवलं. कोकरू बर्फात केविलवाणं ओरडलं. पडद्यावर मुंग्या आल्या, आणि त्या मुंग्यांतून आवाज आला, "ये ये ये... ये गं माय, घरला ये..."

बाहेर वाघुरीतली मेंढरं उठून उभी राहिली. एकेक करत ओरडू लागली.

"बंद कर पोरी," दगडोबा म्हणाला.

"थांबा ना, बाबा. आई कोकराला बोलवून राहिली."

पुढं भाड्याचे व्हिडिओ गेले. मी ट्रंकेत पडले. बाहेर मेंढरू ओरडलं, की माझ्या पोटातली हाक उगाच हलायची.

एका नाताळाला शिवहारनं नांदेडहून सीडी आणली. तेच कार्टून, अख्खं. कोकरू सापडलं, घरातले सगळे हसले. दीपाली हसली नाही.

"दादा, ह्यात कोकरू घरी आलं," ती म्हणाली, "पण त्याला बोलवलं कुणी?"

तिनं मला काढलं, लाल कागदात गुंडाळलं आणि भावाच्या हातात दिलं. "ही माझी भेट. आईला सीडीत घालून आण."

आता मी हिंगोलीतल्या एका दुकानात आहे. दुकानदारानं मला उघडून पाहिलं. फितीवर बर्फासारखी पांढरी बुरशी चढली आहे. "एकदाच फिरंल," तो शिवहारला म्हणाला. "मधीच तुटली तर माझ्या नावानं ओरडू नका."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी पडली असेल. भंगारात टाकण्याआधी तिच्यात कोण बोलतंय ते ऐका. ऐकवणारी यंत्रं आहेत तोवर ऐका.

मला तुटायचं भय नाही. फक्त तेवढा बर्फ ओलांडून त्या हाकेपलीकडं मला जाऊ द्या. मग तुटले तरी चालेल. कोकरू घराच्या वाटेला लागलेलं असेल.